कडेपठार चढण्याआधी आभाळाकडे पाहा

तुम्ही जेजुरीला गेला असालच. तुम्ही स्वतः नसाल गेला, तर घरातले वडीलधारे तरी जाऊन आलेले असतील. ज्या घराचा कुळस्वामी खंडोबा, त्या घरी लग्न लागले की नव्या जोडप्याला जेजुरीला नेण्याची रीत आहे. नवरदेवाने नवरीला उचलून पाच पायऱ्या चढायच्या, बरोबरच्यांनी हसून त्याची थट्टा करायची, मग सगळ्यांनी मिळून भंडारा-खोबरे उधळायचे आणि ‘येळकोट येळकोट, जय मल्हार’ म्हणत गड चढायचा. दगडी पायऱ्या, कमानी, उंच दीपमाळा, आणि सगळ्यांवर हळदीचा पिवळा रंग. हे चित्र तुमच्या डोळ्यांपुढे आहेच.

पण जेजुरीला खंडोबाची देवळे दोन आहेत. गावाला लागून आहे तो गडकोट. तिथे सगळे जातात. त्याच्या मागे, त्याहून उंच डोंगरावर आहे ते कडेपठार. तेच देवाचे मूळ ठिकाण असे जुनी माणसे मानतात. गडकोटावर दर्शन झाले तरी घरातली म्हातारी म्हणतेच, “कडेपठारी गेल्याबिगर जत्रा पुरी न्हाई.”

आज मी तुम्हांला त्या कडेपठारीच नेणार आहे. आणि जाताना, चढण्याआधी काय पाहायचे तेही सांगणार आहे. कारण एकदा मी ते पाहिले नाही, आणि त्याची किंमत घरातल्या बायामाणसांना भरावी लागली.

जेजुरीला आमच्यासारखे लोक बारामतीच्या बाजूने येतात. मोरगावला मयुरेश्वराचे दर्शन घ्यायचे आणि पुढे निघायचे. कऱ्हा नदीचा हा सगळा मुलूख माळरानाचा. बाजरी, ज्वारी, हरभरा, आणि जिथे पाणी पोचले तिथे ऊस. पुण्याकडून येणारे सासवडवरून येतात. त्यांना वाटेत अंजिराच्या आणि सीताफळाच्या बागा लागतात. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे तुमच्यापैकी बागाईतदारांना ठाऊक असेल. कोणत्याही बाजूने या, जेजुरी जवळ आली की दोन गोष्टी दिसतात. खाली नाझरे धरणाचे पाणी, ज्याला मल्हारसागर म्हणतात, आणि वर डोंगर.

हा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. समुद्रावरून आलेले पावसाळी ढग घाटमाथ्यावर रिते होतात आणि इथे पोचेपर्यंत त्यांच्यात फारसे उरत नाही. म्हणून इथल्या माणसाला पाऊस नको असे कधी वाटत नाही. तो आभाळाकडे पाहतो तो आशेने पाहतो. भीतीने पाहण्याची त्याला सवय नाही. आमचेही तसेच झाले.

कडेपठारची चढण तशी अवघड नाही. पायऱ्या आहेत. मध्ये मध्ये लहान देवळे लागतात, लिंबूपाण्याच्या आणि भंडाऱ्याच्या टपऱ्या लागतात. थांबत, गप्पा मारत चढले तरी तास-दीड तासात माणूस वर जातो. लहान पोरे पळत जातात. कळसूबाईसारखा हा काही १६४६ मीटरचा डोंगर नव्हे. आणि नेमकी तीच अडचण आहे. मोठ्या डोंगरावर जाताना माणूस काठी घेतो, पाणी घेतो, वाटाड्याला विचारतो. लहान डोंगरावर जाताना तो काहीच विचारत नाही. पायथ्याशी चपला काढतो आणि चालू लागतो.

२०१७ सालच्या वैशाखात आमच्या पुतण्याचे लग्न झाले. तिसऱ्या दिवशी आम्ही नऊ जण भाड्याची जीप करून जेजुरीला निघालो. पुतण्या, नवी सून, थोरले बंधू, वहिनी, माझी सत्तरीची आई, घरातली दोन पोरे, माझी मंडळी आणि मी. आदल्या रात्री बातम्यांत सांगितले होते, ‘मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह पाऊस.’ पुतण्या म्हणाला, “काका, तुरळक म्हणजे चार शिंतोडे. उलट गारवा होईल.” मला ते पटले. सगळ्यांनाच पटले.

निघायलाच उशीर झाला. मोरगावला थांबलो, गडकोटावर गर्दी होती, नंतर जेवण. कडेपठारच्या पायथ्याशी आलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. उकाडा असा, की झाडाचे पान हलत नव्हते. तिथे भंडाऱ्याचे दुकान मांडून एक म्हातारी बसली होती. खोबऱ्याची वाटी हातात देताना तिने विचारले, “दादा, आत्ता चढताय व्हय? सकाळच्याला यायचं. त्या अंगाला ढग बगा कसा उभा ऱ्हायलाय.”

मी पाहिले. आमच्या समोर डोंगर होता आणि डोंगरावर स्वच्छ ऊन होते. ती दाखवत होती तो ढग डोंगराच्या खांद्यामागून जेमतेम डोके काढून होता, कापसाच्या गंजीसारखा पांढराशुभ्र. मी म्हणालो, “आजी, पाऊस आला तर बरंच की. तासाभरात येतो खाली.” संध्याकाळी सातपर्यंत जीप परत द्यायची होती. आईच्या मनात कडेपठारचे दर्शन होते. आणि मला, खरे सांगायचे तर, घरातल्या कर्त्या माणसाने माघार घेणे कमीपणाचे वाटत होते.

अर्ध्याच्या पुढे गेलो असू. आई दर वीस पायऱ्यांना टेकत होती. एकाएकी ऊन गेले. मागच्या बाजूने थंडगार वारा आला, इतका थंड की पोरे आनंदाने ओरडली. पाठोपाठ धुरळा. मग डोंगराच्या माथ्यावरून तो ढग आमच्याकडे सरकला, आणि तो आता पांढरा नव्हता. बुडाशी काळानिळा झाला होता. पहिला गडगडाट झाला तो दूर नव्हताच.

थेंब पडू लागले तसे आम्ही सगळे एका लिंबाच्या झाडाकडे धावलो. उतारावर ते एकटेच उभे होते. आई मागून ओरडली, “झाडाखाली जाऊ नगा! लांब व्हा!” तिच्या माहेरी तिच्या लहानपणी आंब्याखाली बांधलेली बैलजोडी विजेने गेली होती. ते तिच्या डोळ्यांसमोर होते. आम्ही थबकलो. “खाली उतरा. एकामागं एक, लांब लांब. कठड्याला हात लावू नगा,” ती म्हणाली. सत्तर वर्षांची बाई भिजत उभी राहून आम्हा सगळ्यांना वाट दाखवत होती.

पायऱ्यांवर दिवसभराचा भंडारा सांडलेला. पाणी पडले तसा त्याचा निसरडा चिखल झाला. नव्या सुनेच्या अंगावर जरीचे जड लुगडे, हातभर चुडा. तिचा पाय सटकला आणि ती चार पायऱ्या घसरत गेली. मनगट मोडले. ती रडलीही नाही, नुसती पांढरीफटक पडली. त्याच वेळी वरच्या धारेवर कुठेतरी वीज पडली. आवाज आणि उजेड एकदमच आला. कानात बराच वेळ दुसरे काही शिरेना.

त्या लिंबाच्या झाडावर वीज पडली नाही, हेही सांगितले पाहिजे. पण ती त्याच्यावर पडणार नाही हे आम्हांला आधी कोण सांगणार होते?

खाली आलो तेव्हा दुकानातल्या त्या म्हातारीने काही न विचारता आम्हांला तिच्या मागच्या पक्क्या खोलीत घेतले. सुनेच्या हाताला फडके बांधले. चहा केला. आई मात्र भिंतीला टेकून रडत होती. “अर्ध्या वाटंतून परतलो. देवानं दारातून माघारी लावलं. पोरीच्या संसाराला काय म्हणायचं आता?” सुनेनेही ते ऐकले. तिचा चेहरा पाहवत नव्हता. तीन दिवसांची नवरी, हात मोडलेला, आणि वर हा बोल.

मग ती म्हातारी आईजवळ येऊन बसली. तिने जी गोष्ट सांगितली ती जेजुरीत सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या दिवशी ती आम्हांला नवी वाटली. देव आधी कडेपठारीच होता. त्याचा एक भक्त नेमाने डोंगर चढून दर्शनाला जायचा. पुढे तो म्हातारा झाला, पाय चालेनात. त्याने वर हात जोडून सांगितले, देवा, आता माझ्याने होत नाही. तेव्हा देवच त्याच्यासाठी डोंगर उतरून खाली आला. तोच हा गडकोटाचा देव.

“मग?” म्हातारी म्हणाली, “जो भक्तासाठी डोंगर उतरून आला, त्यो तुमी चार पायऱ्या माघारी आलात म्हणून रागवंल व्हय?”

आईने डोळे पुसले. सुनेला जवळ घेतले. तिथून आम्ही सुनेचा हात बसवायला डॉक्टरांकडे गेलो.

मंडळी, त्या दिवसानंतर मी ह्या आभाळाच्या गोष्टीत लक्ष घातले. जाणत्यांना विचारले, हवामान खात्याचे अंदाज समजून घ्यायला शिकलो. त्यातले जे डोंगरावर जाणाऱ्याच्या उपयोगाचे ते सांगतो.

पहिली गोष्ट ‘तुरळक’ या शब्दाची. आम्ही त्याचा अर्थ ‘थोडासा पाऊस’ असा घेतला. तो चूक आहे. हवामान खात्याच्या भाषेत तुरळक ठिकाणी म्हणजे थोड्या जागी. सांगितलेल्या भागातल्या चौथा हिस्सा किंवा त्याहून कमी ठिकाणी. निम्म्यापर्यंत असेल तर ‘काही ठिकाणी’ म्हणतात. हा हिशेब जागांचा आहे, जोराचा नाही. ज्या थोड्या जागी तो पडेल तिथे तो झाडे मोडेल, गारा टाकेल, वीजही पाडेल. पुढे ‘विजांच्या कडकडाटासह’ हे शब्द होते. आम्ही ‘तुरळक’ ऐकले आणि पुढचे सोडून दिले.

दुसरी गोष्ट जिल्ह्याची. अंदाज बहुधा जिल्ह्याचा असतो. आता पुणे जिल्हा घ्या. लोणावळ्याचा घाटमाथाही त्याच जिल्ह्यात आणि इंदापूरचे माळरानही त्यातच. एकाच अंदाजात दोघांचे हवामान कसे मावणार? म्हणून जिल्ह्याचा अंदाज ही सूचना समजायची आणि आपल्या डोंगरापुरता निर्णय डोळ्यांनी घ्यायचा.

अंदाज मिळवणे आता सोपे झाले आहे. आकाशवाणीच्या बातम्या आहेतच. हवामान खात्याचे ‘मौसम’ नावाचे ॲप मोबाइलवर मिळते. शेतीसल्ल्यासाठी ‘मेघदूत’ आहे, ते तुमच्या घरातल्या पोराने आधीच घेतले असेल. विजेसाठी ‘दामिनी’ आहे. ते पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केले. आपण उभे आहोत तिथून वीस आणि चाळीस किलोमीटरच्या आत वीज पडत असेल तर ते इशारा देते. जिल्ह्यांवर रंगही दिलेले असतात. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता हालचाल करा. लाल-नारिंगीच्या दिवशी डोंगराचे नाव काढू नये. पिवळ्याच्या दिवशी जायचेच तर पहाटे जावे आणि दुपारच्या आत खाली यावे.

ह्या खात्याचा आणि आपल्या मुलखाचा जुना संबंध आहे. १८७५ साली हे खाते स्थापन झाले. त्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आले आणि पुढे १९४४ साली दिल्लीला गेले. पुण्यात शिवाजीनगरला आजही त्या इमारतीला जुने लोक ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. बसच्या थांब्याचे नाव म्हणून तुम्ही ते ऐकले असेल.

तिसरी गोष्ट, वळवाचा ढग कसा वाढतो ती. सकाळपासून उन्हाने जमीन तापते. डोंगराचा उतार तर आजूबाजूच्या हवेआधी तापतो. तापलेली हवा उताराने वर चढते, आणि हवेत ओलावा असेल तर त्याच डोंगरावर ढग धरतो. म्हणजे वळवाचा ढग बहुधा डोंगराच्या डोक्यावर आधी जन्मतो, आणि आपण त्याच्याकडेच चढत असतो. सकाळी दहा-अकराला कापसाची बोंडे दिसू लागली तर त्यांच्यावर लक्ष ठेवा. ती रुंद असतील तर फारशी काळजी नाही. पण रुंदीपेक्षा उंची वाढत चालली, वरचा भाग फुलकोबीच्या गड्ड्यासारखा फुगू लागला, की तो ढग कामाला लागला समजा. मग त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा पसरट झाला की वीज त्याच्या पोटात आहेच. बोंडापासून ऐरणीपर्यंत जायला त्याला कित्येकदा एक तासही पुरतो. आम्ही म्हणालो होतो, तासाभरात येतो खाली.

चौथी गोष्ट मला सगळ्यात उशिरा कळली. डोंगर अर्धे आभाळ झाकतो. पायथ्याशी उभे राहिले की समोरच्या बाजूचे काही दिसतच नाही, आणि वळवाला दिशा नसते. तो कधी उगवतीकडून येतो, कधी मावळतीकडून. म्हणून आभाळ पाहायचे ते पायथ्याला पोचण्याआधी, मोकळ्या माळावर किंवा रस्त्यावर गाडी थांबवून, चारी दिशांना. आणि पायथ्याशी जो माणूस रोज बसतो त्याला विचारायचे. त्याने त्या डोंगराचे शेकडो दिवस पाहिलेले असतात. त्याने “जाऊ नका” म्हटले तर त्याचा धंदा बुडतो, तरीही तो म्हणतो, याचा अर्थ लक्षात घ्या.

हे झाले वैशाखाचे. वर्षातल्या इतर दिवसांत काय, तेही थोडक्यात सांगतो.

चैत्र-वैशाखात वीज नसली तरी ऊन असतेच. काळा दगड तापला की अनवाणी पायांना फोड येतात. नवस अनवाणी जाण्याचा असेल तर सूर्य वर येण्याआधी चढून उतरा. माणशी दोन लिटर पाणी, थोडे मीठ-साखर, डोक्याला पांढरे फडके. म्हाताऱ्या माणसाचा घाम एकदम थांबला, किंवा ते असंबद्ध बोलू लागले, तर ते थकले असे समजून बसवून ठेवू नका. सावलीत न्या, अंग ओले करा, वारा घाला आणि दवाखाना गाठा.

पावसाळ्यात जेजुरीला मुसळधार क्वचितच असते. पण रिमझिमीने पायऱ्यांवर शेवाळ धरते, आणि भंडाऱ्याचा चिखल तर सांगितलाच. उतरताना जास्त माणसे पडतात, चढताना कमी. घाटाकडच्या डोंगरांवर याच दिवसांत धुके येते आणि दहा पावलांवरची वाट दिसत नाही. तिथे धुके आले तर चालत राहू नका. जागेवर थांबा, एकमेकांना हाका मारा, धुके विरळ झाल्यावर निघा. वाटेत ओढा असेल तर जाताना तो कोरडा होता म्हणून येताना कोरडा असेल असे धरू नका. पाऊस वरच्या अंगाला पडतो आणि पाणी खाली येते.

भाद्रपद-आश्विनात परतीचा पाऊस असतो. त्यातही दुपारनंतर विजा असतात. घटस्थापनेच्या दिवसांत डोंगरावरच्या देवीला जाणाऱ्यांनी हे विसरू नये.

सगळ्यात चांगले दिवस मार्गशीर्षाचे. शुद्ध प्रतिपदेपासून चंपाषष्ठीपर्यंत खंडोबाचा उत्सव असतो, आणि हवाही तशीच असते. आभाळ निळे, ऊन कोवळे. फक्त पहाटे गारठा असतो. पायथ्याशी वारा नसला तरी माथ्यावर असतो. शंभर मीटर चढले की साधारण अर्धा-पाऊण अंश तापमान उतरते, आणि घामाने भिजलेल्या अंगाला वारा लागला की ते जास्तच जाणवते. म्हाताऱ्यांसाठी आणि तान्ह्या लेकरांसाठी एक शाल बरोबर असू द्या.

एवढे करूनही वाटेत विजेने गाठले तर?

वीज चमकली की मनात आकडे मोजा. आवाज यायला तीन सेकंद लागले तर वीज साधारण एक किलोमीटरवर पडली. तीस सेकंद म्हणजे दहा किलोमीटर. तिसाच्या आत आवाज आला तर पुढे एक पाऊलही चढू नका, लगेच उतरा. पाऊस सुरू झालेला नसला तरी उतरा, कारण वीज पावसाच्या पुढे येऊन पडते. एकटे झाड, दीपमाळ, झेंड्याचा खांब, लोखंडी कठडा, तारेचे कुंपण यांपासून दूर राहा. चार खांबांवरची पत्र्याची छपरीही आसरा नव्हे. चार भिंतींची पक्की इमारत किंवा काचा लावलेली बंद गाडी हाच खरा आसरा. काहीच जवळ नसेल तर घोळक्याने उभे राहू नका. लांब लांब होऊन पाय जुळवून उकिडवे बसा, कान झाका. आडवे पडू नका. आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास जाईपर्यंत पुन्हा वर निघू नका.

कोणाला वीज लागलीच, तर त्याला हात लावायला भिऊ नका. त्याच्या अंगात वीज राहत नाही. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध जोराने आणि लागोपाठ दाब देत राहा, आणि १०८ ला फोन करा. शेण फासणे, मातीत पुरणे यात वेळ घालवू नका. तोच वेळ त्याच्या जिवाचा असतो.

आणि एक गोष्ट घरूनच ठरवून निघा. परतायची वेळ. आम्ही आता पायथ्याशीच सांगतो, “वैशाखात बारा वाजता जिथं असू तिथून खाली.” माथा दहा पायऱ्यांवर राहिला असला तरी. हे घरी बसून ठरवले की वर वाद होत नाही. वर गेल्यावर ठरवायला बसलात, तर मनातला नवस, जिपेचे भाडे आणि कर्त्या माणसाचा अभिमान हे तिघे मिळून आभाळाचे मत पाडतात. मी ते पाहिले आहे.

पुढच्या वर्षी, २०१८ सालच्या मार्गशीर्षात आम्ही पुन्हा जेजुरीला गेलो. पुतण्याला मुलगी झाली होती, आठ महिन्यांची. आदल्या रात्री मुक्कामाला आलो. सकाळी सातला पायथ्याशी होतो. त्याआधी जीप मोकळ्यावर थांबवून चारी दिशा पाहिल्या. पुतण्याने मोबाइल पाहिला. दुकानातल्या त्या म्हातारीला विचारले. ती म्हणाली, “आज जा बिनघोर.”

कडेपठारच्या देवळासमोर उभे राहिलो तेव्हा ऊन नुकते अंगाला लागत होते. मावळतीला पुरंदरचा डोंगर स्वच्छ दिसत होता. खाली कऱ्हेच्या अंगाला धुक्याचा पातळ पट्टा होता आणि धरणाचे पाणी मधूनच चमकत होते. सुनेने त्याच मनगटाने लेकीच्या कपाळाला भंडारा लावला. थंडीत ते मनगट अजून थोडे दुखते असे ती म्हणाली. मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते.

आई वर आली नाही. गडघे दुखत होते. ती खाली गडकोटावरच बसून राहिली. आम्ही उतरून आल्यावर मी तिला म्हणालो, “आई, तुझं कडेपठार राहिलं.” ती हसली. म्हणाली, “राहिलं कसं? माझ्यासारखीसाठीच तर देव हितं खाली आलाय.”

तर वाचकहो, तुमच्याही गावाजवळ एखादा असा डोंगर असेलच. शिखर शिंगणापूर असेल, जोतिबा असेल, मांढरदेव असेल, नाहीतर नाव नसलेली, गुराख्यांच्या पायवाटेची एखादी टेकडी असेल. पेरणीच्या आधी तुम्ही दहा वेळा आभाळाकडे पाहता. खळ्यावर धान्य असले की रात्री उठून पाहता. तशीच एक नजर डोंगर चढण्याआधी टाका. बरोबर लेकीसुना असतात, म्हातारीकोतारी असतात, पोरेबाळे असतात. आभाळ बरे दिसले नाही तर पायथ्याशीच हात जोडा, उतरलेल्या ढगाबरोबर गरम चहा घ्या आणि घरी या. डोंगर कुठे जात नाही. पुढच्या सकाळी तो तिथेच असतो, आणि देवही.